मोठीचा टाक

घरात कोणीतरी आजारी असल्यासारखा श्वास ऐकू येत होता. आत ओढला की किरकिरायचा, क्षणभर थांबायचा, आणि बाहेर सुटला की पातेल्यात पाणी उकळावं तसा बुडबुडायचा. कस्तुराबाई पुढच्या खोलीत खाली बसून तुरीची डाळ निवडत होत्या. सून माहेरच्या लग्नाला रिसोडला गेलेली, मुलगा भागवत समोर खुर्चीत चहा पीत बसलेला. आतून असा श्वास यायचं काही कारण नव्हतं. सासूचा दमा असाच होता. पण सासूला जाऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि वाशीमच्या या घरात तर ती कधी राहिलीही नव्हती.

“योगिनी, काय लावलं वं हे?” त्यांनी आवाज दिला.

नात फोन घेऊन बाहेर आली. सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी, कापलेल्या केसांची पोर. तिनं फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर हिरवट अंधार होता. त्या अंधारात एक दगडी भिंत हळूहळू सरकत होती, आणि भिंतीवर कापलेल्या बांबूसारखी उभी अर्धगोल भोकं होती. मग शेवाळानं केसाळ झालेला एक लोखंडी पाइप आला. श्वास त्या पाण्यातूनच येत होता. तो योगिनीचा होता.

“आपली अनसिंगची खदान, आजी. काल अठरा मीटर गेले. तळ लागलाच नाही.”

“माय, तुही नात येडी हाय,” भागवत म्हणाला. “आपली मान्सं खदानीत पडलेल्याले काढाले दोर घेऊन धावतात. आन् हे पोट्टी लाखाचं सामान अंगावर घालून मुद्दाम पडते.”

“बाबा, पडत नाही. उतरते.”

“पान्याले फरक समजते काय?”

योगिनी हसली. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा स्कूबा शिकवायला गोडं, थांबलेलं, खोल पाणी लागतं. आपल्याकडे ते आयतं पडलंय, जमीन आपली, खदान आपली, असं ती भरभर सांगू लागली. कस्तुराबाईंचं लक्ष त्या भोकांवर होतं. ती सुरुंगाची भोकं होती. ती कोणी पाडली, त्यात दारू कोण ठासायचं, वात कोण पेटवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षांपूर्वी ही भिंत कोरडी होती आणि उन्हात तापून काळीशार चमकायची.

“आणि तिथं एक आजोबा आहेत,” योगिनी म्हणाली. “खेमा म्हणून. खाली पायऱ्या कुठं, इंजिन कुठं, डबकं कुठं, सगळं त्यांनी मातीत काडीनं काढून दाखवलं. म्हणाले, मी इथं बत्ती लावायचो.”

कस्तुराबाईंच्या बोटांत एक खडा होता. तो त्यांनी परत डाळीत टाकला.

“खेमा मेला नाही?”

“तो कायचा मरते!” भागवत म्हणाला. “ऐंशीच्या वर असन. रोज तांड्यावरून येते आन् काठावर बसते. पगार नाही, पानी नाही. मी म्हनलं, बस बावा, तुले कोन उठवते?”

कस्तुराबाई ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या. गोमली गेल्याचं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. मानोऱ्याकडच्या कुठल्याशा तांड्यावर, लेकीच्या घरी. गोमली म्हणजे खेमाची बायको. ते ऐकलं त्या दिवशी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले होते. आता सांगायला कोणी उरलं नाही, असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्या विचाराचीच त्यांना नंतर कित्येक दिवस शिसारी येत राहिली होती. खेमा तर त्याआधीच गेला असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. दारूच्या धुरात आयुष्य काढलेली माणसं कुठं इतकी जगतात? पण तो होता. वीस किलोमीटरवर, रोज, त्याच पाण्याच्या काठी. म्हणजे जे सांगायचं ते अजून सांगता येत होतं. नळाचं पाणी ताटात पडून डाळ भिजली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रात्रभर त्यांनी गळ्यावर हात ठेवला होता. सवय अशी जात नाही. एकविसाव्या वर्षी इंझोरीहून त्या दुसरेपणावर दिल्या गेल्या, तेव्हा त्या नुसत्या कस्तुरा होत्या. जगदेवरावांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती आणि मागं आठ महिन्यांचा भागवत होता. मंगळसूत्र बांधायच्या आधी सासूनं काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक तिच्या गळ्यात बांधला. चांदीचा पत्रा, सुपारीएवढा, त्यावर ठोकून उठवलेली उभी बाई, म्हणजे ती गेलेली सवत. तोंड नव्हतंच, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. “हे मोठी,” सासू म्हणाली. “तिले इचारल्याबिगर काही करू नको.” तेवढंच. मग नवं लुगडं आधी मोठीला लावायचं, घास आधी मोठीला दाखवायचा, हळदीकुंकू आधी मोठीला. थंडीत टाक पहाटे गार पडायचा आणि अंगाच्या उबेनं हळूहळू तापायचा, जणू मोठी उशिरा जागी व्हायची. नवरा जवळ आला की कस्तुरा टाक पाठीकडे सरकवायची. मग तो पाठीखाली सापडून रुतायचा, आणि सकाळी मणक्याजवळ बाईच्या आकाराचा वळ असायचा. लहानगा भागवत तिच्या मांडीवर बसून तो टाक तोंडात घालायचा. त्याला दात येत होते. तो आपल्या आईला चावतोय, हे तिला एकटीलाच दिसायचं, आणि ती त्याच्या तोंडातून टाक काढून घ्यायची नाही. त्या पोराला तिनं वाढवलं. तो तिला माय म्हणाला, अजून म्हणतो. आणि हेच तर पुढचं भिंताड होतं: खेमाला सांगायचं म्हणजे कधीतरी ते भागवतच्या कानावर जाणार, की ज्या बाईला मी माय म्हणालो तिनं माझ्या आईला पाण्यात फेकलं.

सकाळी योगिनी गाडीत पिवळे सिलिंडर लादत होती, तेव्हा कस्तुराबाई चपला घालून दारात आल्या.

“मीही येतो.”

“तू?” योगिनी म्हणाली. “तू तर त्या रस्त्यानं जायचं नाव काढत नाहीस.”

“माय, थंडी हाय,” भागवत आतून ओरडला. “आन् पान्याकडं पाहून चक्कर येईन तुले.”

“तुह्या पोरीले नाही येत, मले कायले येईन?”

जानेवारीचं ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी वाळून तपकिरी झाल्या होत्या, मध्येच हरभऱ्याचे हिरवे चौकोन. गाडी प्रसेनजित चालवत होता. नागपूरचा, दाढीवाला, योगिनीबरोबर डायव्हिंग शिकवणारा. दोघं पुढं बसून दोर, मीटर आणि हवा यांचं बोलत होते. गढूळ पाण्यात दोघं उतरले तर एकमेकांचा गाळ उडवतात, म्हणून एकानं खाली जायचं, एकानं वर दोर धरायचा. कस्तुराबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. याच रस्त्यानं त्या बाळंतपणाला माहेरी जायला निघाल्या होत्या, आणि सासूनं अर्ध्या वाटेतून बैलगाडी परत आणवली होती, कारण मोठीचं बाळंतपण इथं झालं तर हिचंही इथंच झालं पाहिजे. घर तेव्हा खदानीपासून हाकेच्या अंतरावर, शेतातच होतं. जगदेवरावांनी जमिनीचा एक तुकडा गिट्टीसाठी दिला होता. रुळांखाली, रस्त्यांवर इथली गिट्टी जायची. दिवसभर घणांचा आवाज, दुपारी एक वाजता शिट्टी, लाल फडकं, आणि मग सुरुंग. जमीन हलायची. फडताळातली भांडी वाजायची. पोटातलं बाळ प्रत्येक सुरुंगाला दचकायचं, हे कस्तुराला हाताखाली कळायचं. मुलगी झाली. नऊ दिवस जगली.

दहाव्या दिवशी सासू म्हणाली, “पाचवीचा निवद मोठीले दाखवला नाही. तिनं नेली.” ती हे रागानं बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे, त्या आवाजात बोलली होती. आणि ते खरं होतं. पाचवीच्या रात्री तापात कस्तुरा निवद दाखवायला विसरली होती.

गोमली खदानीत गिट्टी फोडायची. हातात जोर होता म्हणून सासूनं तिला सकाळच्या वेळी तेल लावायला, न्हाऊ घालायला बोलावलं होतं. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्या एकमेकींवर आपटून लाकडासारख्या वाजायच्या. तळहात दगडानं चिरलेले; तेल लावताना ते पाठीला खरवडायचे आणि बरं वाटायचं. मूल गेल्यावरही दूध थांबेना, तेव्हा गोमलीनंच जुनं धोतर फाडून छाती करकचून बांधली. “बाई, रडून घ्या,” ती कानाशी म्हणाली होती. “बुढी झोपली हाय.” त्या घरात कस्तुराला तसं कोणी म्हटलं नव्हतं. तेलात टाक खराब होऊ नये म्हणून गोमली तो रोज गळ्यातून काढून कोनाड्यात ठेवायची, आणि न्हाणं झालं की स्वतःच परत घालायची. त्या दिवशी तिला घाई होती; खेमाची भाकर घेऊन जायचं होतं. टाक कोनाड्यात राहिला.

कस्तुरानं तो उचलला. किती हलका होता! तीन वर्षं गळ्यात तिनं घणाएवढं ओझं वागवलं आणि हातात घेतलं तर पिंपळाचं पान. दुपारी शिट्टी झाली, माणसं मागं गेली, सासू घोरत होती. कस्तुरा बाळंतिणीचा फडका डोक्याला बांधलेली, अनवाणी, खदानीत उतरली. लाल फडक्याच्या आत जायचं नसतं, हे पोरांनाही ठाऊक होतं. तिलाही होतं. उतारावरून पाय घसरत होते. तळाला कोपऱ्यात इंजिन पाणी खेचायचं ते हिरवं डबकं होतं. त्यात तिनं मोठीला टाकलं. आवाजसुद्धा झाला नाही. ती तिथंच उभी राहिली. सुरुंग उडायचा तर उडू दे, असं तिच्या मनात होतं की नव्हतं, हे पन्नास वर्षं आठवूनही कस्तुराबाईंना सांगता आलं नसतं. सुरुंग उडाला नाही. ती परत आली, पाय धुतले, आडवी झाली. मग जमीन हलली.

संध्याकाळी सासूनं विचारलं, “गळ्यातलं कुठाय?”

“सकाळी गोमलीनं काढून ठेवलं होतं.”

हे वाक्य खरं होतं. त्यात खोटा एक शब्द नव्हता. पन्नास वर्षं कस्तुराबाई या वाक्याला धरून राहिल्या होत्या, पुरात माणूस बाभळीला धरतो तसं. काटे हातात घुसतात पण सोडवत नाही. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं. तांड्यावरची बाई, आणि चांदी, एवढ्यावरच सगळ्यांना सगळं कळलं. मुकादम तिला घेऊन आला. अंगणात तिला बैलाच्या काठीनं मारलं. गोमली मारणाऱ्याकडे बघत नव्हती. ती आतल्या खिडकीकडे बघत होती. कस्तुरानं खिडकी लावून घेतली नाही. लावली असती तर बरं झालं असतं, की वाईट? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोमली म्हणाली, हो, नेलं, रिसोडच्या बाजारात विकलं. मग कोणी मारलं नाही. आठ दिवसांत सोनाराकडून दुसरा टाक आला, तसाच, दोन टिंबांचा, आणि सासूनं तो कस्तुराच्या गळ्यात बांधला. सासू जाईपर्यंत तो गळ्यात होता.

खदान त्यांना ओळखू आली नाही. खोल खड्ड्याच्या जागी काठोकाठ पाणी होतं, मधोमध काळं, कडेला हिरवं. शहाऐंशी साली एका सुरुंगानं झरा फुटला, इंजिन तीन महिने चाललं आणि मग सगळ्यांनी हात टेकले, ते त्यांना माहीत होतं. तरी डोळ्यांनी त्या आत्ताच पाहत होत्या; त्याआधीच त्या वाशीमला आल्या होत्या, सासू शेतावरच राहिली होती, आणि काठाकडे त्या पुन्हा कधी फिरकल्या नव्हत्या. जिथून त्या अनवाणी उतरल्या होत्या तो उतार सरळ पाण्यात शिरून दिसेनासा झाला होता. काठावरच्या एका सपाट दगडावर खेमा बसला होता. पांढरं पागोटं, गुडघ्यात दुमडलेला, हात मात्र अजून मोठे. त्यानं त्यांना पाहिलं, ओळखलं, आणि उठून उभा राहायला वेळ लावला.

“मालकीनबाई. लई दिवसानं.”

“बस, खेमा. बस.”

“मालकाले जाऊन दहा वर्स झाले असन?”

“बारा.”

योगिनी काळा रबरी पोशाख घालत होती. तो ओढताना ती कण्हत होती, प्रसेनजित तिला हसत होता. तिची पाठ उघडी पडली तेव्हा कस्तुराबाईंना तिथं एक तीळ दिसला. तो भागवतलाही होता, जगदेवरावांना नव्हता. म्हणजे मोठीचाच असणार. प्रसेनजितनं तिच्या कमरपट्ट्याला दोर अडकवला आणि खुणा पुन्हा सांगितल्या: एक झटका म्हणजे ठीक आहे, चार झटके म्हणजे असशील तशी वर ये. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, रक्तात साठलेला वायू निघून जायला. चार झटके आले तरी ते चुकवायचं नाही. योगिनीनं आजीकडे बघून अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली, तोंडात नळी घेतली आणि मागं मागं चालत पाण्यात गेली. डोकं बुडालं. मग नुसते बुडबुडे. ते हळूहळू मधल्या काळ्या पाण्याकडे सरकले.

वीस मिनिटं झाली असतील. प्रसेनजितला फोन आला. दुसरे सिलिंडर घेऊन येणारा टेम्पो फाट्यावर चुकला होता, आणि खदानीपाशी त्याला नीट ऐकू येईना. त्यानं खेमाकडे पाहिलं.

“आजोबा, पाच मिनिटं धराल? कालच्यासारखं.”

“जा बेटा. दोर धरूनच बुढा झालो.”

प्रसेनजित चढ चढून बाभळींच्या पलीकडे गेला. आता काठावर दोघंच होती. खेमानं दोर दोन बोटांतून सोडला होता, ताणही नाही आणि ढिलाही नाही. कस्तुराबाई त्याच्या डाव्या बाजूला दगडावर बसल्या. छातीत काहीतरी इतकं जोरात हलत होतं की त्यांना वाटलं, ते दोरातून खाली पोरीला कळेल. पाण्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, “खेमा, गोमलीनं टाक नेला नव्हता. म्या टाकला. अठीच.”

बोलून झालं. इतकं सोपं होतं. पाण्यावर एक खंड्या खाली झेपावला, वर गेला. खेमा काही बोलला नाही. तो बोलत नाही, म्हणजे त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला काय उरलेलं असतं...

खेमानं मान वळवली. “काही म्हनलं काय, बाई? ह्या कानानं ऐकू येत नाही मले. सुरुंगानं गेला.”

नाही म्हणता आलं असतं. थंडी हाय म्हनलं, एवढं पुरलं असतं. त्यांनी दगडाला हात टेकला, उठल्या, गुडघे वाजले. त्याच्या मागून त्या दुसऱ्या बाजूला आल्या आणि उभ्यानंच, त्याच्या उजव्या कानाशी वाकून, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं. पाचवीचा निवद, कोनाडा, शिट्टी, डबकं, आणि संध्याकाळचं ते वाक्य. समोरच्या भिंतीवरून त्यांचाच आवाज थोडा उशिरा परत येत होता.

खेमाच्या बोटांतला दोर हलला. एक झटका. त्यानं परत एक झटका दिला.

“तुमाले पायलं होतं मी,” तो म्हणाला.

“कवा?”

“त्याच दिवशी. बत्ती माह्या हातात होती. शिट्टी मारली, सारे मांगं गेले, आन् पायतो तं डबक्यावर तुमी उभ्या. डोक्शाले फडकं. मले वाटलं, लेकरू गेलं म्हनून बाई जीव द्याले आली. मी बत्ती इझवली. तुमी वर चालल्या गेल्या, मंग पुन्हा पेटवली. मुकादम म्हने, उशीर काहून केला? म्या म्हनलं, वात ओली होती.”

कस्तुराबाईंनी दगड धरला.

“मंग संध्याकाळी तिले नेलं,” खेमा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “तवा मले म्हनता आलं असतं, मालकीनबाई खदानीत गेल्या होत्या, तिले इचारा. जिभीवर आलं होतं. पन मी म्हनलं, मोठ्या घरची बाई जीव द्याले गेलती, हे गावात कायले फिरवता? बाईमानसाची अब्रू हाय. मी तोंड शिवून घेतलं. तुमचं नाव राखलं मी, बाई.”

“खेमा...”

“आन् मंग ती म्हने, म्या नेलं. आपल्या तोंडानं म्हने. मी म्हनलं, म्हनते तं नेलं असन. मुकादम म्हने, कामावर राह्याचं असन तं चोट्टीले घरात ठेवू नको. नाही ठेवली. तिच्या बापाच्या तांड्यावर सोडली, लेकीसंगं. त्या दिवसापासून तिच्या हातचं पानी पेलो नाही मी. एक डाव आली होती ती, लेकीच्या लग्नाचं सांगाले. दारात उभी राह्यली. म्या म्हनलं, अठी भांडी हायेत, आत येऊ नको.”

खाली कुठंतरी बुडबुडे फुटत होते.

“मेली तवा कळवलं त्यायनं. गेलो नाही.”

कस्तुराबाईंना म्हणायचं होतं, चूक माझी, तुझी नाही. पण ते त्याच्यापुढे ठेवायला इतकं लहान होतं की तोंडातच विरघळलं. त्या इथं काहीतरी उतरवून ठेवायला आल्या होत्या, आणि त्यांनी ते या माणसाच्या अंगावर टाकलं होतं. कालपर्यंत त्याच्याजवळ एक चोरटी बायको होती, आणि तो बरोबर होता. चांगुलपणानं गप्प बसलेला एक माणूस होता, तोही तोच. आता त्यातलं काही राहिलं नव्हतं. आणि त्यांचं स्वतःचं? ते तर तसूभरही कमी झालं नव्हतं.

खेमा दोराकडे बघत होता. त्याची दोन्ही बोटं घट्ट मिटली. कस्तुराबाईंना एकदम भीती वाटली. त्या दोराच्या टोकाला पोर होती, मोठीच्या रक्ताची, भागवतची एकुलती एक. त्यांनी हात पुढं केला. पण त्याआधीच खेमानं दोर ओढला. एक. दोन. तीन. चार. नीट, मोजून, वात मोजावी तसे.

“काय करून राह्यला तू?”

“येऊ द्या तिले वर. तिच्यापुढं सांगा.”

“ती लेकरू हाय, खेमा. तिले काय माहीत?”

“मले एकट्याले सांगून काय होते? मी मेलो की पुन्हा पान्यातच जाते ते.”

खालून चार झटके परत आले. मग बुडबुडे काळ्या पाण्यातून काठाकडे सरकू लागले, जवळ आले, आणि एका जागी थांबले. पाच मीटर. तीन मिनिटं. पाण्यावर एकामागून एक फुगे येत, फुटत. खाली अंधुक काहीतरी पिवळं लटकत होतं. कस्तुराबाई ते पिवळं बघत होत्या. इतकी जवळ होती, आणि वर येत नव्हती. एवढ्यात प्रसेनजित आला तर? आला तर बोलणं राहील. येऊ नये असं वाटलं, यावा असं वाटलं. भागवत आज संध्याकाळी जेवायला बसेल, माय, वाढ म्हणेल, की नाही म्हणणार? चक्कर आली असं म्हणता येईल. त्यानं सकाळीच म्हटलं होतं, चक्कर येईन तुले. पोर पटकन गाडीत घालेल, पाणी देईल, चेहऱ्यावर हात फिरवेल. खेमा काही बोलणार नाही; त्यानं एकदा तोंड शिवलं होतं, दुसऱ्यांदाही शिवेल. त्याच्याकडे त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. तो दोर हळूहळू वेटोळ्यात घेत होता. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्याला कळत होतं की नाही कोण जाणे.

पाणी फुटलं. योगिनीचं काळं डोकं वर आलं. तिनं काच कपाळावर सरकवली, तोंडातली नळी थुंकली.

“काय झालं? चार झटके कोणी मारले? प्रसेनजित कुठंय?” ती धापा टाकत दगड धरून चढली. ओठ निळे पडले होते. “आजी! तुला काही झालं का? चक्कर आली?”

खेमा म्हणाला, “बाई सांगतात.”

योगिनी दोघांकडे आळीपाळीनं बघू लागली. तिच्या अंगावरून पाणी निथळून कस्तुराबाईंच्या चपलांपर्यंत आलं. फार गार होतं.

“चक्कर नाही,” कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खेमाच्या कानाशी होता तेवढाच मोठा राहिला होता. “तुही खरी आजी, मोठी, तिचा टाक माह्या गळ्यात असे. तो म्या अठी टाकला. माह्या हातानं. नाव गोमलीवर गेलं आन् म्या जाऊ देलं. तिले मारलं, घर सुटलं तिचं. गोमली चोर नव्हती. तुह्या बापालेही सांग. मीही सांगन.”

योगिनीनं केसांतलं पाणी मागं सारलं. ती थंडीनं कुडकुडत होती, आणि तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“पण आजी,” ती म्हणाली, “गोमली कोण?”

कस्तुराबाईंनी खेमाकडे पाहिलं. खेमानं त्यांच्याकडे पाहिलं. ते आधी कोणी सांगावं, म्हणून दोघंही थांबले.